बाग आली, पण बिऱ्हाड गेले

शहरसुधारणा हा शब्द मोठा गोड आहे. रुंद रस्ते, सावलीची झाडे, पोरांना खेळावयास मैदान, म्हाताऱ्यांस टेकावयास बाक, ह्या गोष्टी कोणास नको आहेत? आम्हांसही हव्या आहेत. परंतु अनुभव असा आहे की, ज्या गरीब वस्तीत सुधारणा येते, त्या वस्तीतली माणसे ती भोगावयास तेथे उरत नाहीत. म्हणून कोणत्याही शहरसुधारणेची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. काम सुरू होण्यापूर्वी तेथे जे राहत होते, ते काम संपल्यावर तेथे राहतात काय? ह्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आले, तर ती सुधारणा जागेची झाली, माणसांची झाली नाही.

आज ह्या कसोटीवर आम्ही अमेरिकेतले एक शहर घासून पाहणार आहो. जॉर्जिया प्रांतातले अटलांटा हे ते शहर. कोणी वाचक म्हणेल, आमची विहीर आटली, कांद्याला भाव नाही, आणि तुम्ही अमेरिकेच्या बागा काय दाखविता? त्यास आमचे उत्तर हे की, जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केली. दूरदेशीच्या कष्टकऱ्याचे दुःख आपल्या दुःखाशेजारी ठेवून पाहावयाचे, ही शिकवण आपणांस तेव्हापासून आहे. शिवाय आपल्यापैकी कोणाचा मुलगा आज पुण्यामुंबईच्या खोलीत राहत नाही?

अटलांटा शहर कोणाच्या हातांनी उभे राहिले ते आधी पाहू. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेली काळी माणसे तेथे आली, आगगाडीच्या रुळांलगत खोलगट, चिखलाच्या जागी राहिली, आणि रेल्वेच्या कारखान्यांत राबली. १८८३ च्या सुमारास रेल्वे दुरुस्तीच्या कारखान्याशेजारी त्यांची एक वस्ती उठली. तिच्यावर धूर एवढा असे की, पोलादाच्या गावावरून तिचे नावच पिट्सबर्ग पडले. बाया घरोघरचे कपडे धूत. १८८१ साली ह्या धोबिणींपैकी वीसेक जणींनी मिळून संघ काढला, धुलाईचा एकच दर मागितला, आणि तीन आठवड्यांत त्यांच्या संपात सुमारे तीन हजार बाया आल्या. नगरसभेने प्रत्येकीवर पंचवीस डॉलरांचा परवाना बसविण्याची धमकी दिली. बाया म्हणाल्या, परवाना घेऊ, पण मग धंदा आमच्या हातात राहू द्या. अशा बाणेदार माणसांचे हे शहर आहे.

पुढे मोटारी आल्या, मालगाड्या दूर गेल्या, आणि शहराभोवती कड्यासारखे फिरणारे जुने रूळ गंजत पडले. १९९९ साली रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्याने जॉर्जिया टेक ह्या विद्यापीठात आपल्या पदवीसाठी एक प्रबंध लिहिला. त्यात त्याने सुचविले की, ह्या २२ मैलांच्या कड्यावरून ट्राम चालवावी व त्यायोगे सुमारे ४५ वस्त्या एकमेकींस जोडाव्या. नगरसभेच्या कॅथी वूलार्ड ह्यांनी ती कल्पना उचलून धरली. तिच्यात पायवाटा मिळविल्या, बागा मिळविल्या, आणि गरिबांस परवडतील अशी घरेही मिळविली. ३३ मैल पायवाट, २२ मैल ट्राम, सुमारे १,३०० एकर नव्या बागा, आणि ५,६०० परवडणारी घरे, असा हा संकल्प 'बेल्टलाइन' ह्या नावाने २००५ साली मंजूर झाला. मुदत पंचवीस वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंतची.

ह्यात जे चांगले झाले ते आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. 'ओल्ड फोर्थ वॉर्ड' ह्या वस्तीच्या सखल भागात पाऊस पडला की पाणी तुंबत असे. तेथे जमिनीखालून मोठा बोगदा खणण्याऐवजी पाणी धरणारे तळे केले व त्याभोवती बाग लावली. ती २०११ साली खुली झाली. पूरही आवरला, पैसाही वाचला. २०१२ साली पूर्वेकडील पायवाट खुली झाली, २०१७ साली पश्चिमेकडील. दगडाच्या जुन्या खाणीभोवती २८० एकरांची बाग २०२१ साली उघडली, व त्या खाणीत शहराच्या पाण्याचा साठा केला. जेथे काटेरी झुडपे व फुटक्या बाटल्या होत्या, तेथे माणसे सायकली चालवू लागली. हे काम खोटे नाही.

पण ह्या कामास पैसा कोठून आला ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी मेख तेथे आहे. शहराने रुळांभोवतालच्या पट्ट्यातील मिळकतींवरचा कर २००५ सालच्या आकड्यावर गोठविला. पुढे जमिनीचे भाव चढतील आणि कर वाढेल, तो वाढावा पंचवीस वर्षे शहराच्या, जिल्ह्याच्या व शाळांच्या नेहमीच्या खर्चास न देता ह्याच योजनेस द्यावयाचा, आणि त्या येणाऱ्या वाढाव्यावर आजच कर्जरोखे काढावयाचे, अशी ही युक्ती आहे. म्हणजे जमीन महाग झाली तरच योजना चालणार! ज्या कामाचे पोट भाववाढीवर भरते, त्या कामाकडून भाववाढ रोखण्याची अपेक्षा करणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणे होय.

ह्या वाढाव्यात शाळांच्या कराचाही हिस्सा होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. २००८ साली जॉर्जियाच्या वरिष्ठ न्यायालयाने, शिक्षणासाठी घेतलेला कर अशा कामी वापरता येत नाही, असा निकाल दिला. तेव्हा त्याच वर्षी लोकांचे मत घेऊन प्रांताची घटनाच बदलण्यात आली. पुढे शाळांस भरपाई किती द्यावयाची ह्यावरून शहर आणि शाळामंडळ ह्यांचे भांडण २०१६ पर्यंत चालले. बाग कितीही सुंदर असो, ती गरिबाच्या शाळेचे पैसे उसने घेऊन लावावयाची असेल, तर ते पैसे केव्हा व कसे परत येणार ते पहिल्या दिवशी लिहून घेतले पाहिजे.

आता शेतकऱ्यास हा हिशेब शिकवावयास नको. जिरायत टापूत पाट येणार अशी नुसती कुणकुण लागली, की काय होते? ज्यास आधी बातमी कळते तो कोरडवाहू रान पडत्या भावाने उचलतो. सरकार सगळ्यांच्या पैशाने पाट काढते. पाणी आले की त्याच रानाचा भाव दसपट. ज्याने पिढ्यान्पिढ्या ते रान कसले, तो कूळ असेल तर त्यास निघावयाची नोटीस मिळते, आणि मालक असेल तर तो कर्जापायी ते आधीच विकून बसलेला असतो. पाण्याचा पाट आणि शहरातली पायवाट ह्यांत फरक एवढाच की, एका ठिकाणी ऊस उभा राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी माड्या.

अटलांटात तसेच झाले. तेथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठातले अभ्यासक डॅन इमरग्लक ह्यांनी दाखवून दिले की, योजनेची नुसती वृत्तपत्री चर्चा चालू होती तेव्हाच, म्हणजे २००२ ते २००५ ह्या काळात, दक्षिणेकडील गरीब वस्त्यांत रुळालगतच्या घरांचे भाव चढू लागले होते. पुढे २०११ ते २०१५ ह्या चार वर्षांत मार्गापासून अर्ध्या मैलाच्या आतील घरांचे भाव शहरातील इतर घरांपेक्षा सुमारे १८ ते २७ टक्के अधिक वाढले, असे त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले. भाव वाढला म्हणजे घरमालकाचे भले झाले, असे कोणी समजेल. पण ज्या म्हातारीस आपले घर विकावयाचेच नाही, तिच्या हाती त्या वाढीतून वाढलेली घरपट्टी तेवढी पडते. आणि जो भाडेकरू आहे, त्याच्या हाती तेवढेही पडत नाही. त्याचे भाडे वाढते. भाड्यास मर्यादा घालावी म्हटले, तर जॉर्जियाच्या प्रांतिक कायद्याने शहरांस तशी मनाई आहे.

मग ती ५,६०० घरे? आरंभी असे ठरले होते की, कर्जरोख्यांतून येणाऱ्या रकमेपैकी १५ टक्के परवडणाऱ्या घरांसाठी बाजूस काढावे. अर्धी मुदत संपत आली, २०१७ साल उजाडले, तरी घरांचा आकडा हजारासही पोहोचला नव्हता. मध्यंतरी २००८ ची मंदी आली, वाढावा आटला, हे कारण खरे आहे. पण त्या मंदीत जमीन स्वस्त झाली होती! घरांसाठी जागा घेऊन ठेवावयाची ती वेळ होती. त्या काळात गरिबांच्या घरांसाठी पुरेशी जमीन राखली गेली नाही, आणि तेजी आल्यावर तीच जमीन आवाक्याबाहेर गेली. २०१६ साली खुद्द ग्रॅव्हेल ह्याने, नॅथॅनिएल स्मिथ नावाच्या सहकाऱ्यासह, योजनेस साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. समतेकडे आणि परवडणाऱ्या घरांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, हे त्यांचे कारण होते. ज्याच्या डोक्यातून योजना निघाली त्यालाच हे म्हणावे लागले, ह्याहून मोठी साक्ष कोणती पाहिजे?

त्यानंतर वेग वाढला, हे सांगणे न्यायाचे आहे. २०१८ पासून मार्गालगत भाड्याच्या मोठ्या इमारती बांधणाऱ्यांवर सवलतीची काही घरे ठेवण्याची सक्ती झाली. २०२० साली महापौर किशा लान्स बॉटम्स ह्यांनी खाणीजवळच्या नव्या बागेभोवती बांधकामाच्या नव्या परवान्यांस काही महिने स्थगिती दिली. जुन्या रहिवाशांची वाढीव घरपट्टी २०३० पर्यंत भरण्याचा उपक्रमही निघाला. हे सर्व योग्यच. पण ह्यांतला प्रत्येक उपाय भाव चढल्यावर आला. घोडा पळाल्यावर तबेल्यास कडी लावण्यात कसूर झाली नाही, एवढेच म्हणता येईल.

'परवडणारे' ह्या शब्दाकडेही जरा निरखून पाहावे. २०१८ च्या नियमात बांधणाऱ्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एकतर दहा टक्के घरे अशा कुटुंबांस द्यावी की ज्यांचे उत्पन्न प्रदेशातील मधल्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या आत आहे. अथवा पंधरा टक्के घरे ८० टक्क्यांच्या आतल्यांस द्यावी. हे मधले उत्पन्न काढताना भोवतालची श्रीमंत उपनगरेही हिशेबात येतात. त्यामुळे मोजमापच उंच होते, आणि झाडूवाला, स्वयंपाकीण, हमाल हे त्या मापाखाली कोठच्या कोठे राहतात. शिवाय सवलतीच्या पुष्कळ घरांस वर्षांची मुदत असते. ती सरली की घर बाजारात गेले. ज्यास ते परवडते तो गरीब नाही, आणि जो गरीब आहे त्यास ते परवडत नाही, अशी ही भाषेची करामत आहे. म्हणून आम्ही म्हणतो की, कोणी "परवडणारे घर" म्हटले की लगेच विचारावे: कोणास, किती भाड्यात, आणि किती वर्षे?

आणि ट्राम? मूळ कल्पना तर ट्रामचीच होती. ज्याच्याजवळ मोटार नाही त्याने वस्तीतून कामावर जावे, ह्यासाठी ती होती. २०१६ साली शहराच्या मतदारांनी वाहतुकीसाठी जादा विक्रीकरही मोठ्या बहुमताने मान्य केला. विक्रीकर गरिबाच्या खरेदीवरही बसतो, हे सांगावयास नको. पायवाटा झाल्या, त्यांच्या कडेला खानावळी झाल्या, १९२६ च्या प्रचंड जुन्या कोठाराचा २०१४ साली झकपक बाजार झाला. पण कड्यावर ट्राम धावली नाही. २०२५ साली महापौर आंद्रे डिकन्स ह्यांनी पूर्वेकडील पायवाटेवरून ट्राम नेण्याच्या बेतास दिलेला पाठिंबा काढून घेतला. चार गोष्टींचा संकल्प होता. त्यांपैकी जी सुखवस्तूंच्या फिरण्याच्या उपयोगाची ती आधी झाली. मजुराच्या कामाची आणि त्याच्या डोक्यावरच्या छपराची जी, ती मागे राहिली. हा कोणा एका माणसाचा दुष्टपणा म्हणता येणार नाही. ज्याची निकड कागदावर बांधलेली नसते, त्याचे काम नेहमीच शेवटी धरले जाते.

हे त्या शहरात प्रथमच घडले असेही नाही. १९३६ साली सरकारने तेथे एक गलिच्छ वस्ती पाडून टेकवुड नावाची घरे बांधली. अमेरिकेतील सरकारी घरबांधणीचा तो आरंभ मानतात. ती घरे फक्त गोऱ्यांसाठी होती. पुढे तेथे काळी कुटुंबे आली, आणि १९९६ च्या ऑलिंपिक खेळांच्या सुमारास ती घरेही पाडण्यात आली. पाडावयाची तारीख नेमकी ठरते. परत यावयाची तारीख कोणी सांगत नाही.

कोणी म्हणेल, मग काय बागा करूच नयेत? गरिबांच्या वस्तीत उकिरडेच राहू द्यावेत, म्हणजे भाव वाढणार नाहीत? हे आमचे म्हणणे मुळीच नाही. उकिरड्याशेजारी राहणे हेच स्वस्त भाड्याचे मोल असावे, हा विचार आम्हांस संतापजनक वाटतो. कष्टकऱ्याच्या पोराला झाडाची सावली मिळाली पाहिजे. आमचे भांडण क्रमाशी आहे. पायवाटेची पहिली फरशी बसण्यापूर्वी, किंबहुना नकाशा छापून येण्यापूर्वी, त्या पट्ट्यातली जमीन लोकांच्या नावे झाली पाहिजे. सरकारी पैशाने जो भाव वाढतो, तो वाढण्याच्या आधीच ज्याची जमीन त्याचा लाभ, हे उघड आहे. मग ती जमीन सावकाराच्या नावे असण्याऐवजी रहिवाशांच्या नावे का नसावी?

दुसरा आक्षेप असा येतो की, घरे पुष्कळ बांधू द्या, भाव आपोआप उतरतील. घरे पुष्कळ बांधावी ह्याशी आमचा वाद नाही. पण बांधणारा जमीन ज्या भावाने घेतो, त्याखाली तो घर विकत नाही. पीक मुबलक आले तरी खंड ठरवून घेणारा जमीनदार कुळाला खंडात सूट देत नाही, हे आपण पाहिलेलेच आहे.

जमीन लोकांच्या नावे कशी करावी, ह्याचा धडाही त्याच जॉर्जियात आहे, आणि तो काळ्या शेतकऱ्यांनी घातलेला आहे. १९६९ साली ऑल्बनी गावाच्या टापूत 'न्यू कम्युनिटीज' नावाची संस्था निघाली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून गोऱ्या जमीनदारांनी ज्या काळ्या कुटुंबांस रानांवरून हुसकले, त्यांच्यासाठी चार्ल्स व शर्ली शेरॉड आदी कार्यकर्त्यांनी सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. जमीन संस्थेची, कसणारा व राहणारा तिचा दीर्घ मुदतीचा पट्टेदार, आणि जमीन विकण्याचा अधिकार कोणा एकाकडे नाही, अशी ती घडी. ह्या कल्पनेचा एक झरा आपल्याच मुलुखातून निघालेला आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक नसेल. ती घडी बसविण्यात ज्यांचा हात होता त्या रॉबर्ट स्वान ह्यांच्यापुढे जे नमुने होते, त्यांत कोकणातल्या गागोद्यास जन्मलेल्या विनोबा भाव्यांची ग्रामदानाची चळवळही होती. त्याच ग्रामदानाचा स्वीकार गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ह्या आदिवासी गावाने २०१३ साली केला.

न्यू कम्युनिटीजची जमीन पुढे दुष्काळात, सरकारी कर्ज वेळेवर न मिळाल्याने, १९८५ साली गेली. सरकारच्या शेतकी खात्याने काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केल्याच्या खटल्यातून २००९ साली तिला सुमारे १ कोटी २० लक्ष डॉलर भरपाई मिळाली. पण कल्पना बुडाली नाही. खुद्द अटलांटात २००९ साली अशा धर्तीची भूमि-विश्वस्त संस्था निघाली. घर रहिवाशाचे, खालची जमीन संस्थेची. विकताना नफ्यास मर्यादा, म्हणजे पुढच्या गरिबासही ते घर परवडते. काम उत्तम, पण जमीन थोडी. ते २००९ ऐवजी संकल्पाबरोबरच सुरू झाले असते, आणि शहराने रुळालगतच्या जमिनीचा मोठा वाटा तिच्या हवाली केला असता, तर आज हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

आता आपल्या घरी या. मुंबईच्या गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांची. त्या गिरण्यांत कोकण, सातारा, कोल्हापूर येथली आपलीच माणसे राबली. १९८२ चा संप मोडला, अडीच लाखांच्या आसपास कामगार देशोधडीस लागले, पुष्कळांनी पुन्हा गावचा नांगर धरला. १९९१ साली सरकारने नियम केला की, गिरणीची जमीन विकसित करावयाची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडास, आणि उरलेली मालकास. किती साधा व न्यायाचा नियम! अटलांटाच्या नियमाहून तो सरस होता, कारण त्यात टक्का घरांचा नसून जमिनीचा होता. पण २००१ साली तो बदलला. वाटणी सबंध जमिनीची न राहता, बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याचीच करावयाची ठरली. प्रकरण न्यायालयांत गेले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. एका शब्दाच्या फेराने बागही आटली आणि घरेही आटली. घरासाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले. पहिली मोठी सोडत निघावयास २०१२ साल उजाडले. तोवर किती अर्जदार घराची वाट पाहत मातीस मिळाले असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

अटलांटाचा काळा भाडेकरू आणि गिरणगावचा कामगार, दोघांच्याही कथेत एकच गोष्ट दिसते. कायदा किंवा संकल्प कागदावर गोड असतो. त्यावर लक्ष ठेवणारा संघटित रहिवासी नसला, की पुढच्या पाचदहा वर्षांत त्यातला गोडवा कोणीतरी चाटून नेतो. धोबिणींनी तीन आठवड्यांत तीन हजारांचा संघ केला, तो ह्याच कारणाने आम्हांस आठवतो.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्या तालुक्याच्या गावी नदीकाठ सुशोभित करण्याची योजना येवो, की शहरात तुमच्या मुलाच्या चाळीशेजारून मेट्रो जावो, नकाशा घेऊन येणाऱ्यास आधी चार गोष्टी विचारा. आजच्या रहिवाशांची नावनिशीवार यादी कोठे आहे? त्यांच्या घरांची जमीन काम सुरू होण्यापूर्वी कोणाच्या नावे होणार? भाडे किती व किती पिढ्यांसाठी बांधलेले? आणि ह्या तीन उत्तरांत बदल करावयाचा झाल्यास त्यास रहिवाशांच्या सभेची संमती लागणार की नाही? उत्तरे तोंडी घेऊ नका, लेखी घ्या, आणि कागद गावातल्या शिकल्या पोरीकडून सर्वांदेखत मोठ्याने वाचून घ्या. त्यात चारही उत्तरे सापडली तर कुदळ मारावयास आपण स्वतः पुढे जाऊ, कारण बाग आम्हांसही पाहिजे. न सापडली तर सभा तेथेच थांबवावी, आणि उत्तरे घेऊन या म्हणून त्या गृहस्थास नकाशासह परत पाठवावे.